उलटीवाल्याला खिडकी

...न्हाई, पर मी म्हणते, इमानाची खिडकी उघडतच न्हाई, तर उलटीवाल्याला ती पायजे कशाला? आँ? आन् हे मला सुचलं कवा? हैदराबादला उतरल्यावर!

तुमास्नी सांगते, मल्हारनं, माझ्या लेकानं, पुण्यावरनं तिकीट काढल्यालं, खास खिडकीचं. निघताना आमच्या सासूबाई, तुळजाबाई, ऐंशीच्या, गुडघं धरून म्हंत्यात, "सूनबाई, माझ्या वाट्याला काय आता इमान येत न्हाई. तेवढं आपलं वरवंड गाव वरनं कसं दिसतं, बघून मला सांग." म्हणलं, "सांगते आत्याबाई, शब्द दिला!"

आन् इमानात टेकते न टेकते तवर शेजारचा बाप्या, "आंटीजी, मेरे को उल्टी होती है, खिडकी दोगे?" आता आमच्या वडापच्या जीपमधी कायदाच हाय, उलटीवाल्याला खिडकी! सरपंच आसला तरी उठतो. मी बी उठले, शहाणी! म्हणलं, जाऊ द्या, सरकते.

मग त्यानं मधल्या दांडीवर कोपर मांडलं. म्हणलं, जाऊ द्या, सरकते. तर दुसऱ्या अंगाची बाई, कानात बोंडं घालून, "एक्सक्यूज मी, जरा तिकडं?" तिकडं म्हंजी कुठं गं बाई, त्याच्या मांडीवर? तवर म्होरल्यानं खुर्ची मागं पाडली, ती आली माझ्या नाकाशी... म्हणलं, जाऊ द्या, सर... कुठं सरकू हो? वडापमधी सतरा माणसं कोंबत्यात, पर "कुठल्या गावच्या, मावशी?" एवढं तरी इचारत्यात!

इमान उडालं. उलटीवाला? झोपला! माझ्या खांद्यावर! हलवलं, "ओ दादा, माझं गाव आलं आसंल, वाईच डोकं..." तर म्हंतो, "हां मम्मी, पाच मिनिट." आता मम्मी म्हणल्याव उठवायचं कसं? आधी खांद्याला मुंग्या, मग हात बधिर, मग मीच बधिर. राग न्हाई, रडू न्हाई, कायच न्हाई. खिडकीकडं बघावं तर मधी त्याचं टक्कल.

उतरल्या उतरल्या सासूबाईंचा फोन. "दिसलं का गं वरवंड?"

शब्द दिल्याला... जे दिसलं ते सांगितलं. "दिसलं, आत्याबाई. गोल. चकचकीत. कडंकडंनं थोडं गवत."

तर म्हातारी फोनमधी रडायलाच लागली हो! "आगं, त्ये आपलं तळं! आपलं तळं दिसलं तुला!"

म्हणलं, व्हय आत्याबाई, तळंच.

घोरत व्हतं, तेवढं काय म्या सांगितलं न्हाई.