मोठ्या आईचा दिवा

शिरूरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हर्षदा आली होती ट्यूबलाईट घ्यायला, पण तिचे कान कधीच पुढच्या नवराबायकोकडे टवकारले होते!

“शेठ, लाईट गेल्यावर लावायचा दिवा दाखवा. आमच्या जाऊबाईंच्या दिव्यापेक्षा झगझगीत पाहिजे.”

“हा घ्या वहिनी, चार्जिंगचा. सहा तास चालतो.”

“अवो, त्यांचा किती तास चालतो?”

“मला काय ठावं? दादाला रांजणगावच्या कंपनीनं दिलाय दिवाळीला.”

“तवापासनं लाईट गेली रं गेली, की आपली तनू दप्तर घेऊन पळती मोठ्या आईकडं! जेवती बी तिथंच, झोपती बी तिथंच.”

“अगं, सख्खी चुलती हाय तिची. परकी हाय का?”

“परकी असती तर बरं झालं असतं. परकीकडनं पोरगी जेवायला तरी घरी आली असती.”

“मंग घे की हा दिवा. बसंल घरात.”

“बांधू का, वहिनी?”

“थांबा, शेठ.”

“आता आन् काय?”

“हा लावला, आन् तरीबी ती तिकडंच गेली, तर?”

हर्षदा ट्यूबलाईट विसरून एक पाऊल पुढं सरकली.

“नको, शेठ. मेणबत्त्याच द्या. आत्ता निदान दिव्यासाठी जाती, असं म्हनता तरी येतंय.”