‘ए ए ए’ कोणाचं?

माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, उल्हासनगरहून मुद्दाम आलेले प्रीतमशेठ, आपल्या क्लबाचे कार्यवाह जितेश, आजच्या सत्कारमूर्ती कौसाबाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच अडवून बसलेल्या सभासद बंधुभगिनींनो,

कौसाबाईंनी अंबरनाथच्या या कामगार क्लबाची झाडलोट किती निष्ठेने केली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी ते पुन्हा सांगणार नाही. गेल्या महिन्यात या सभागृहाच्या कोपऱ्यात जे घडलं, तेवढं सांगते. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते. आज मात्र कोणी त्याचा उल्लेख केला नाही. का बरं?

कोपऱ्यातलं पिनबॉलचं मशीन सगळ्यांना ठाऊक आहे. भंगारात निघालेल्या जहाजातून प्रीतमशेठनी ते उचललं, नवे सेल घातले आणि क्लबाला दिलं. दोन बटणं, दोन फळ्या, एक लोखंडी गोळी. गोळी खाली पडू द्यायची नाही, एवढाच खेळ. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं वरच्या पट्टीवर झळकतात. तिथे वर्षानुवर्षं ‘ए ए ए’ होतं.

कौसाबाई म्हणायच्या, ते माझं. दुपारी झाडून झालं की त्या खेळायच्या. मशीनने नाव मागितलं, यांना अक्षरं येत नव्हती, म्हणून खेळ सुरू करायचं लाल बटण तीनदा दाबलं. पहिलं अक्षर तीनदा उमटलं.

कोणी विश्वास ठेवला? जितेशने याच सभागृहात ऐकवलं होतं, “मावशी, ते बाय डिफॉल्ट असतं, कंपनीतूनच येतं. तुम्ही मशीन पुसता, खेळत नाही. मॅटर क्लोज.” पुढे बदलापूर गावापर्यंत यांचं नाव ‘फेकाबाई’ पडलं. माणसाचं नाव बिघडवायला वेळ लागत नाही.

आता कौसाबाई खरवईला मुलीकडे राहायला जाणार. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. शाल नको, नारळ नको. “जावयाच्या दारात फेकाबाई म्हनून जायाचा नाय मना,” असं त्या मला म्हणाल्या.

आणि नेमकं तेव्हाच मशीन आचके द्यायला लागलं. मी कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आयुष्य काढलेलं, म्हणून स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात आला. मागचं झाकण उघडलं. वीज बंद असतानाही गुणांचा आकडा लक्षात राहावा, यासाठी आतल्या बोर्डावर तीन सेल बसवलेले असतात. ते सेल फुटले होते. त्यांचा क्षार हिरवा होऊन तांब्याच्या रेषा खात मुख्य चिपच्या पायांपर्यंत पोचला होता. अजून थोडे दिवस गेले असते, तर बोर्ड कायमचा गेला असता.

उपाय एकच होता. वीज बंद करायची, सेल काढायचे, बोर्ड व्हिनेगरने धुवायचा. चालू बोर्डावर पाणी घालता येत नाही. पण सेल निघाले की आठवण पुसली जाणार. ‘ए ए ए’ जाणार. ते कंपनीचं होतं की कौसाबाईंचं, हे मला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर दोन ठिकाणी दोन उत्तरं.

जितेश म्हणाला, “काढा ना मॅडम, विचारायचं काय त्यात?” मी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि कौसाबाईंना सगळं समजावलं. त्यांनी पट्टीवरची धूळ पदराने पुसली. सभासद भोवती जमले होते. कोणी हसत नव्हतं.

“न काढला तं मशीन मरंल?”

“मरेल.”

“मेलेल्या मशीनवर नाव र्‍हाऊन काय करू? काढ गो बाय.”

मी काढले. 

मग व्हिनेगर, ब्रश, पाणी, वाळवणं. “चायनीजची गाडी लागली काय?” हा व्हिनेगरच्या वासावरचा जितेशचा विनोद. खाल्लेल्या रेषांच्या जागी बारीक तारा जोडल्या. नवे सेल बोर्डावर न बसवता वायरने दूर नेले, म्हणजे पुन्हा फुटले तरी बोर्डाला धक्का नाही. तेवढा वेळ कौसाबाई झाडू हातात धरून उभ्या होत्या. झाडत नव्हत्या.

वीज दिली. दिवे लागले. पट्टी आधी कोरी राहिली. मग कंपनीने घालून दिलेली मूळ नावं एकामागून एक उमटली. चार नावं. त्यांत ‘ए ए ए’ नव्हतं! पहिल्या क्रमांकाचे गुणसुद्धा जुन्या आकड्याच्या निम्मे नव्हते.

कौसाबाईंनी मला विचारलं, “माजा नाव कुठं गेला?”

मी म्हटलं, “गेलं.”

“म्हंजे होता ना?”

होतं, सभासदहो. कंपनीचं असतं, तर परत आलं असतं. परत आलं नाही, म्हणून ते माणसाचं. कोणा माणसाचं? जितेशने तेव्हाही पुटपुटून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं असेल. जहाजावरच्या खलाशाचं म्हणाल, तर प्रीतमशेठनी सेल बदलले तेव्हाच ती नावं पुसली गेली. अहो, या क्लबात कॅरममध्ये तिसरा आलेला सभासद चहावाल्यालासुद्धा सांगून येतो. एवढे गुण मिळवून तो इतकी वर्षं गप्प बसला असता?

पुरावा मिळाला तो नाव पुसल्यावर. आता मशीनमध्ये काही नाही. मानपत्रातही ‘प्रामाणिक सफाई सेवा’ एवढंच लिहिलं आहे. म्हणून माइकवरून सांगते, या क्लबाचा पिनबॉलमधला सर्वोच्च विक्रम श्रीमती कौसाबाई पाटील यांचा आहे. अध्यक्षमहाराज, याची नोंद आजच्या इतिवृत्तात व्हावी, आणि ती जितेशने वाचून दाखवावी.

मशीन दिल्याबद्दल प्रीतमशेठचे आभार, आणि तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत याबद्दल तुमचेही. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. सभागृहाकडून जे उणंअधिक झालं, त्याची माफी सभागृहाने कौसाबाईंकडे मागावी. त्या माफ करतीलच, असं मी सांगू शकत नाही.

नमस्कार.