चार काचा आणि एक मत

नाव डेस्मंड हार्ग्रीव्ह, वय ७७ वर्षे, धंदा निवृत्त बसचालक, राहणार मिल लेन, आर्कलटन बरो.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी ब्रेंडा हिच्यासह राहतो. नगरपरिषदेने भाड्याने दिलेल्या भाजीच्या वाफ्यांपैकी एक माझ्याकडे असून त्यावर माझे काचघर आहे. शेजारचा वाफा नॉर्मन टॅटर्सल, वय ७५, यांचा. आमची ओळख एकेचाळीस वर्षांची. ते निळ्या फितीच्या पक्षाचे, मी लाल फितीचा.

तुझे मत माझ्या मताला खाते, मग पावसात भिजत केंद्रापर्यंत जायचे कशाला, असे नॉर्मन एका वर्षी म्हणाला. तेव्हापासून परिषदेच्या निवडणुकीत आम्ही दोघेही मत देत नाही. त्याच्या अवजारांच्या खोलीत चहा पीत बसतो आणि मतदान संपेपर्यंत एकमेकांच्या नजरेआड होत नाही. लघवीला जायचे तरी सांगून जायचे.

यंदा निळ्या उमेदवाराने पोहण्याचा तलाव बंद करणार असे जाहीर केले. अर्धांगवायू झाल्यापासून ब्रेंडा दर मंगळवारी त्या कोमट पाण्यात चालते. जमिनीवर तिला चालता येत नाही.

मी एप्रिलमध्येच टपालाने मत दिले. नॉर्मनला सांगितले नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे त्याच्या खोलीत जाऊन बसलो. त्याने माझ्यासाठी आल्याची बिस्किटे आणली होती, ती मी खाल्ली. दुपारी त्याच्या पक्षाची एक बाई मोटार घेऊन आली. "टॅटर्सलकाका, चला ना, यंदा काट्याची टक्कर आहे," असे म्हणाली. तो म्हणाला, "हा म्हातारा इथं बसलाय ना? मग मी पण बसणार. शब्द म्हणजे शब्द." मला लाज वाटली. तरी बोललो नाही.

लाल उमेदवार एका मताने निवडून आली.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ब्रेंडा चाकाच्या खुर्चीतून वाफ्यावर आली होती. मी पाणी घेऊन परतत असताना ती म्हणाली, "नॉर्मन, तलाव वाचला रे! एका मतानं वाचला, आणि ते एक आमच्या डेसचं."

"याचं मत?"

"पोस्टानं टाकलं की. बोलला नाही तुला?"

त्यावर नॉर्मनने फावडे उचलून माझ्या काचघराच्या चार काचा फोडल्या. टोमॅटोच्या रोपांना धक्का लावला नाही. मग फावडे जागेवर ठेवून म्हणाला, "ब्रेंडासाठी हवं होतं ना, लेका? एकदा तोंड उघडायचंस. मीच तुला हाताला धरून केंद्रावर नेलं असतं." एवढे बोलून घरी गेला. त्यानंतर पाच दिवस तो वाफ्यावर आलेला नाही. त्याच्या कांद्यांना मी पाणी घालतो.

काचांची तक्रार वाफा समितीच्या चिटणिसांनी दिली आहे, मी नाही. माझी नॉर्मनविरुद्ध काहीही तक्रार नाही.

मी केले त्याला कोणते कलम लागते, असे मी हवालदारबाईंना विचारले. मत देणे हा तुमचा हक्कच होता, त्याला कलम नाही, असे त्यांनी सांगितले. पुन्हा एकदा बघा, अशी मी विनंती केली. त्यांनी पुन्हा पाहिले. नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे.

सही/- डी. हार्ग्रीव्ह