वासंतीची सुई आणि भिवाची हळद

नाही, तुम्हीच सांगा, आगऱ्यांच्या हळदीत बेंजो बंद करतं का कुणी? आणि करवलीच गायब असते का कधी? पण आमच्या मानपाड्याच्या दामाजीच्या घरी झालं! पोराची, भिवाची हळद, मांडव भरलेला, आणि भिवाची बहीण वासंती कुठे? तर कुंपणापलीकडच्या कंपनीच्या लॅबमध्ये... घासतेय! भांडी नाही हो, सुई! डोळ्याला न दिसणारं सुईचं टोक डोळ्याला न दिसणाऱ्या तेलाच्या थरावर घासायचं आणि थर किती झिजला ते मोजायचं. शहाण्णव साल, असलं यंत्र डोंबिवलीत कुणी बघितलेलं? तेही उसनं! त्या संध्याकाळी माप नीट आलं तर राहणार, नाहीतर सकाळी टेम्पोत बसून बंगलोरला परत. दामाजी भेटेल त्याला सांगायचा, "आमची वासंती घासते, बरं का." छाती ही एवढी फुगलेली.

आणि इकडे बेंजो पार्टी सुरू! वासंती धावत कुंपणाशी आली, डोळ्यात पाणी. म्हणाली, बाबा, जमीन हादरते, सुई उडते. आता हा दामाजी कोण? तर ढोलकीवर नुसती थाप पडली की पंगतीतून उष्ट्या हातानं उठून नाचणारा माणूस! त्यानं स्वतः जाऊन बेंजो बंद केला. पाव्हणे भडकले, म्हणाले, घरात सुतक आहे काय? दामाजीचं एकच, "आमची वासंती घासते."

बरं, बेंजो थांबला, तरी सुई उडतेच! का? तर मांडवात दामाजीची थोरली बहीण हौसाबाई घाणा भरत होती. उखळात हळकुंडं, बायकांच्या हातात मुसळ, आणि धाड... धाड... आता ते कोण थांबवणार? देवाचं काम! दामाजी बहिणीच्या पाया पडला. म्हातारीनं हातानं मुसळ अडवलं. मग म्हणाली, "पोर काय करते म्हणालास?"

"घासते."

"मग आपण पण घासू," म्हणाली, आणि सहाण मागवून हळकुंड उगाळायला बसली! अख्खा मांडव मांडी घालून गपचूप, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीन धवले गातेय तेही कुजबुजत... अहो, तान्हं पोर रडलं तर त्याला उचलून रस्त्यापलीकडे नेलं!

सुई शेवटपर्यंत चालली. माप आलं. वासंती तशीच धावत आली आणि भावाला पहिली हळद तिनंच लावली. दामाजी ढसाढसा रडला, तोंडात उपरणं कोंबून.

यंत्र राहिलं हो, कायमचं! म्हणजे काय झालं, कळलं का? आता आमच्या आळीत कुणाचीही हळद असो, लोक आधी भटजीला मुहूर्त विचारतात आणि मग वासंतीला. तक्रार कुणाची नाही, उलट पाव्हण्यांना कौतुकानं सांगतात. आणि दामाजी? त्याला नाचायची हुक्की आली की... रिक्षा करून पार कोपरच्या हळदीत जातो!