लेकीच्या भारोभार गूळ

हॅलो?… हॅलो? अमरावती का?… प्रमोदिनी! अगं मी, गोदाताई. अकोल्याहून बोलून राहिली, पोस्टातून… नाही, नाही, कोणी गेलं-बिलं नाही. आधी बस. शेजाऱ्यांच्या घरी फोन म्हणजे तू उभ्यानंच घेतला असशील… बसली? आता रिसीव्हर कानाले नीट लाव आणि जवळ ये… हो गं बाई, माहीत आहे मले, साठ मैलांवरून कशी येशील! मनानं ये. तुले एक आख्यान सांगायचं आहे… कीर्तन म्हण पाहिजे तर. पण ह्या कीर्तनात देव उशिरा येतो.

हो, हो… बरी आहे माझी तब्येत… हो, गुडघे तसेच… अगं ऐक ना! मिनिटं तीनच आहेत. तुझा पूर्वरंगच संपेना, तर मी आख्यान कधी लावू?

चारुशीलेचं पत्र आलं मले. आज सकाळी… तुले माहीत नसणारच. शाळेत जातांना टाकलं तिनं… रागावू नको तिच्यावर. पोटची नसली तरी माझी भाची आहे, परक्याले नाही लिहिलं तिनं… काय लिहिलं ते सांगते. आधी मले सांग, पोरीले डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का?… चालू आहेत म्हणते. किती उरल्या?… बघ, अडली. पाळण्यापासून ओळखते तुले. देवघरात कुंकवाच्या करंड्यामागं ठेवल्या ना?… तिनंच लिहिलं.

काहून बंद केल्या?… हं… हं… नवस.

माहीत आहे मले नवस. तीन लेकरं पाळण्यातच गेली तुझी, चौथी ही. हिच्या बारशाले तू अंबादेवीपुढं बोलली होतीस, सोळा पुरी झाली की लेकीच्या भारोभार गूळ देईन. मी तिथंच होती, पोर माझ्याच मांडीवर होती. चांगला नवस आहे. पण पोर किती वजनाची पाहिजे, हे कुठं बोलली होतीस तू?

काय?… काटामारी? कोण म्हणते, चारुशीलेचे बाबा, रविकांतराव?… काय म्हणाले? नीट सांग… "नवसाआधी पोरीले वाळवणं म्हणजे देवाच्या काट्याखाली बोट घालणं." हं… त्यांचा स्वभाव माहीत आहे मले. वजनमापे खात्यातला माणूस. शेर गेले, किलो आले, पण बाजारात एकाही दुकानदाराले त्यांनी सोडलं नाही. मानते मी त्यांले. पण पोर काय लोखंडाचं वजन आहे का गं, शिक्का मारून तेवढंच राखाले?

उपाशी? मी उपाशी ठेवली?… कोण म्हणालं?… उन्हाळ्यात सात आठवडे होती माझ्याकडं. ज्वारीची भाकर, पालेभाजी, मुगाचं वरण, पाहिजे तेवढं ताक. तूप नाही, साखर नाही, येवढंच. आणि सकाळी राजेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचं, चालत यायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या रस्त्यात फतकल मारून बसली. म्हणे, मावशी, लोकं हसतात मले. मी म्हटलं, हसू दे, आपण अभंग म्हणत जाऊ. माझा आवाज ऐकून तर आणखीच हसले लोक!… हो, तू पण हस. पण सहा किलो उतरली पोर. जिना चढून दम लागेना तिले. इथल्या डॉक्टरांनी बरगडीखाली हात घालून पाहिलं. आधी यकृत चार बोटं लागत होतं, मग दोनच. तू समोर होतीस. काय म्हणाले? चरबी उतरून राहिली, गोळ्या दोन वेळा चालू ठेवा, चालणं मोडू नका. मान डोलवली होतीस की नाही?

आणि घरी नेऊन काय केलं? शुक्रवारी पुरण, सोमवारी शिरा, दुपारी दुधात तूप… मार्गशीर्षात गुळाची तुला आहे म्हणून! पहाटे गच्चीवर चालत होती, तर तू जिन्याच्या दाराले कुलूप घातलं म्हणे. लेकीले स्वतःच्या घरात चालायची चोरी!

हॅलो?… हो ऑपरेटरबाई, बोलून राहिली मी. आणखी तीन मिनिटं द्या. द्या हो.

काय म्हणत होती?… हळू का बोलते? शेजारीण आहे का तिथं?… हं… असं. म्हणजे नवस वेगळा आणि ही भीती वेगळी. यकृत म्हटलं की लोकं दारू म्हणतात. पोरीच्या मागं दारूचं नाव लागलं तर स्थळ यायचं नाही… कोणाचं झालं असं? बोल ना. नाव काहून घेत नाही?… तुझ्या भाऊजींचं. माझ्या घरचंच.

बरं. मग आता मधात बोलू नको.

पेटी वाजवत ते. बुवा कोणीही येवो, साथीले हेच. कीर्तन संपलं की यजमानाकडं पंगत, आणि पेटीवाल्याच्या पानात दोन लाडू जास्तीचे. पोट सुटलं तसे लोकं म्हणायचे, गोदाबाईच्या हाताले गुण आहे. मी पण फुगायची. ते जायच्या चार वर्षं आधी डॉक्टरांनी बाजूले बोलावलं, त्यांले नाही, मले. म्हणाले, यकृतावर चरबी चढली आहे, आज बोटानं दबते, उद्या दगड होईल. गोड कमी करा, रोज चालवा. मी काय म्हटलं ठाऊक आहे? देवाच्या दारचा प्रसाद कोणाले बाधतो, डॉक्टरसाहेब? आणि ती चिठ्ठी पोथीत ठेवून दिली. यांले सांगितलंच नाही… हो, नाही सांगितलं. सांगितलं असतं तर चालले असते गं ते. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता.

मग पोटात पाणी झालं. पेटी मांडीवर मावेना. मागं खांबाले टेकून ऐकत बसायचे, आणि लोकं सतरंजी सरकवून दूर बसायचे. तेराव्याले माझ्यासमोरच बायका कुजबुजल्या, लपूनछपून घेत असतील. तंबाखू खाल्ली नाही कधी त्या माणसानं! उठून सांगायचं होतं मले, यांनी नाही घेतली, मीच खाऊ घातलं. नाही उठली. अकरा वर्षं झाली. आज तुले सांगून राहिली, ते पण मागं चार माणसं ताटकळत असतांना.

प्रमोदिनी?… आहेस ना?

आता पत्रातली शेवटची ओळ वाचते. "मावशी, आई म्हणते माझ्या अंगावर तेज आलं आहे, पण आरशात डोळे पिवळे दिसतात." उजेडात पाहिले तू तिचे डोळे?… कधीपासून?… आठ दिवस! आणि पाय?… घोट्यावर बोट टेकून पाहिलं?… अगं बोल… खड्डा राहते?… देवा.

नाही, नाही, रडू नको आता. दुपारच्या एस.टी.नं निघा, मूर्तिजापूरवरून. डॉक्टर सातपर्यंत बसतात, मी इथून सरळ त्यांच्याकडंच जाते… बरी होईल ना? मले नाही माहीत. उन्हाळ्यात दोन बोटं उतरलं होतं, येवढंच माहीत आहे.

नवस?… देवीसमोर जेवढी उभी राहील, तेवढीच्या भारोभार दे. पारड्यात बसाले पोर पाहिजे ना आधी!

रविकांतराव तिथंच आहेत?… घेत नाहीत फोन? मग त्यांच्या कानाशी धर… रविकांतराव, मी काही वाद नाही घालत. पोर आठ दिवसांपासून पिवळी आहे. येवढंच… हॅलो? प्रमोदिनी, काय म्हणाले?… चप्पल घालून निघाले? कुठं?… स्टँडवर. जागा धराले.

मग तू काहून बसली? उठ. गोळ्या घे. तिले दोन लुगडी… हो, परकर-पोलकी, तेच ते.

हो बाई, झालंच, एकच वाक्य… प्रमोदिनी, एक मागू? गाडी सुटली की तुझ्या भाऊजींची आठवण काढ. नाव घेऊन काढ. मी जन्मात नाही घेतलं त्यांचं नाव, आज घेते. कमलाकांत. चारुशीलेले सांग, तुझे काका दारूनं नाही… हॅलो?… हॅलो?