गुणपत्रिकेची मागची बाजू

दादा: या स्कॅनरचं झाकण कुणी आपटलं?

वहिनी: एकोणसाठ टक्के. चोरून थोडेच आणलेत!

दादा: फुलीचा स्क्रूड्रायव्हर दे. हा नव्हे गं, फुलीचा.

धाकटी: मला एका ओळीत कटवलं त्या प्राध्यापक बाईंनी. एका!

वहिनी: फोनवर दोन तास तेच ते गाणं. कान किटले.

*

(जेवणाचं टेबल. त्यावर लॅपटॉप, दोन फायली आणि उघडा स्कॅनर.)

धाकटी: आले! दोघींचेही रिपोर्ट आले. आपले टक्के परदेशी विद्यापीठासाठी चारपैकी गुणांत बसवून दिलेत. कुणाचा रिपोर्ट आधी उघडू?

वहिनी: तुझा उघड. तू घरातली मानाची.

धाकटी: एक्याऐंशी टक्क्यांचे... तीन पूर्णांक चार.

दादा: एवढेच? पहिलीपासून तुझा नंबर ऐकत मोठा झालो मी, आणि त्याचे तीन पूर्णांक चार?

धाकटी: दादा, आम्ही दोघींनी अर्ज केलाय त्या विभागाची अट तीनची आहे. तीनच्या वर असलं की झालं. तुला कळत नसेल तर तो स्क्रू पिळत बस.

वहिनी: आता माझा.

धाकटी: वहिनी...

वहिनी: बोल की. मी काय काचेची आहे?

धाकटी: दोन पूर्णांक तीन.

दादा: चारपैकी?

धाकटी: नाही, शंभरपैकी! चारपैकीच, दादा.

वहिनी: म्हणजे अट संपली तिथेच.

धाकटी: तीनच्या खालचे अर्ज ते उघडतसुद्धा नाहीत. त्यांनीच लिहिलंय तसं, माझं नाही हे. पण तू मनाला लावून घेऊ नकोस हं. पुढच्या वर्षी एखादं लहानसं विद्यापीठ शोधू आपण तुझ्यासाठी.

वहिनी: माझ्यासाठी लहानसं.

धाकटी: तसं नाही गं म्हणायचं मला.

दादा: पण तिथल्या त्या प्राध्यापक बाईंनी हिला केवढं लांबलचक पत्र लिहिलं होतं! मातीतलं शिसं, मुळं, अमकं, तमकं. शेवटी काय होतं? ‘तुमच्या अर्जाची वाट पाहते आहे.’

धाकटी: पाठ केलंस? छान. मलाही लिहिलं होतं त्यांनी. ‘आभार. माहिती संकेतस्थळावर आहे.’ एका ओळीत कटवलं.

दादा: अगं, पण संशोधनाची जागा एकच आहे ना त्यांच्याकडे?

धाकटी: एकच आहे. म्हणून तर.

दादा: म्हणून तर काय?

धाकटी: काही नाही. स्क्रू पीळ.

वहिनी: मला एक समजत नाही. एकोणसाठला मी वर्गात पहिली होते. साठ कुणाला मिळालेच नव्हते आमच्याकडे.

धाकटी: सगळे असंच म्हणतात, वहिनी. ज्याला त्याला आपलाच पेपर कडक वाटतो.

वहिनी: बरं, तुमच्या कॉलेजात ऐंशीच्या वर किती जण होते, वन्सं?

धाकटी: होते... थोडेफार.

दादा: बेचाळीस! मी आलो होतो ना बक्षीस समारंभाला. स्टेजवर खुर्च्या कमी पडल्या, ही अर्धा तास उभी होती.

धाकटी: तुला आणलं हीच माझी चूक.

*

वहिनी: लागला एकदाचा फोन. त्या रिपोर्टवाल्यांचा.

दादा: काय म्हणाले?

वहिनी: एक मुलगी होती, बरी होती बोलायला. म्हणाली, तुमची गुणपत्रिका एकच पान आहे. मी म्हटलं, अहो, मागे सगळं छापलंय. पंचावन्नच्या वर विशेष श्रेणी. सत्तरच्या वर क्वचितच देतात. ती म्हणाली, मागची बाजू आमच्याकडे आलेलीच नाही. ती नसली की आम्ही आमच्या नेहमीच्या तक्त्याने मोजतो.

दादा: आणि त्या तक्त्यात?

वहिनी: एकोणसाठ म्हणजे जेमतेम पास.

दादा: आणि मागची बाजू धरली तर?

वहिनी: तीन पूर्णांक आठच्या आसपास जाईल म्हणाली. शुक्रवारच्या आत पाठवा, मग विभागाला नवा रिपोर्ट जाईल.

दादा: तीन पूर्णांक आठ! धाकटे, ऐकलंस का? तुझ्याही वर गेली की ही!

धाकटी: ऐकलं. बहिरी नाहीये मी.

दादा: अगं, तोंड का असं? घरातलंच माणूस आहे.

धाकटी: मग मी काय टेबलावर चढून नाचू?

दादा: स्कॅन कुणी केले होते पण?

धाकटी: मी. दोघींचे. या घरात दुसऱ्या कुणाला येतं का काही? तुम्ही दोघं त्या दिवशी तुझे अर्जाचे निबंध वाचत बसला होतात, वहिनी. आतल्या खोलीत. दार लावून. माझा निबंध कुणी वाचला?

वहिनी: तू दिला नाहीस.

धाकटी: कुणी मागितला नाही.

दादा: थांबा, थांबा. सापडलं! हे बघा, बिजागरीच निसटली आहे. कागद उलटा ठेवायला झाकण उचललं की ते हातात येतं. म्हणून राहिली असणार मागची बाजू.

धाकटी: हो. झाकण... नीट बसत नव्हतं.

वहिनी: जाऊ दे. चाळीस कागद होते. होतं एखाद्या वेळी.

*

वहिनी: टाइप कर. माझ्यापेक्षा तुझा हात चालतो. ‘महोदय, माझ्या गुणपत्रिकेची मागची बाजू नजरचुकीने पाठवायची राहिली.’

दादा: ‘अनवधानाने’ म्हण. वजन पडतं.

वहिनी: वजन तिकडे इंग्रजीत पडायचंय. तू बिजागरी बसव.

धाकटी: वहिनी, चार वर्षं मी तुला मैत्रिणींमध्ये ‘एकोणसाठ’ म्हणते.

वहिनी: माहीत आहे. फोनमध्येही तेच नाव ठेवलंयस.

धाकटी: तू बघितलंस?

वहिनी: आतून मीच लावला होता, चहाला बोलवायला. बाहेर आले तर टेबलावर वाजत होता.

धाकटी: कधी?

वहिनी: झालं वर्ष.

धाकटी: आणि बोलली नाहीस?

वहिनी: एकोणसाठच होते ना. खोटं काय होतं त्यात? चल, टाइप कर.

धाकटी: त्या दिवशी मी तुझी गुणपत्रिका उलटी करून वाचली. पहिल्यांदाच. ‘गेल्या दहा वर्षांत सत्तरच्या वर कोणीही नाही.’ खाली बारीक अक्षरात आहे.

वहिनी: आहे.

धाकटी: मग मी माझ्या एक्याऐंशीकडे बघितलं.

दादा: बसली! बसली बघा बिजागरी!

वहिनी: कुठपर्यंत आलीस?

धाकटी: ‘माझ्या गुणपत्रिकेची मागची बाजू.’ इथपर्यंत.

वहिनी: पुढे ‘नजरचुकीने’.

धाकटी: ते लिहिता येत नाहीये.

दादा: मी म्हटलं नव्हतं? ‘अनवधानाने’ लिही.

वहिनी: तू गप्प बस जरा.

धाकटी: वहिनी, माझ्या गुणपत्रिकेची मागची बाजू कोरी आहे. तीही मी पाठवली होती. पहिल्यांदा तिरकी आली, म्हणून पुन्हा स्कॅन केली.