वृषालीला मी ‘थांब’ म्हणाले

काका, काकू, वृषालीच्या ऑफिसमधून आलेल्या सगळ्यांनो, आज या शोकसभेत काय बोलायचं ते लिहून आणलं होतं. ते वाचवत नाही. तसंच बोलते.

मी रेश्मा. सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही दोघी पाच वर्षं राहिलो. ती अमरावतीहून आलेली, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. मी इथलीच, प्रतिकारशक्तीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत.

एका सकाळी तिला डाव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं. मग पाय बधिर झाले. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. घरी आल्यावर ती म्हणाली, “तू हेच शिकलीस ना? मग मला कळेल असं सांग.”

मी सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. मेंदूत त्यांना सहजी शिरता येत नाही, तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. या आजारात काही पेशी त्या भिंतीला आतून चिकटतात, अंग चोरून पलीकडे जातात आणि मज्जातंतूंवरचं आवरण परकं समजून कुरतडतात.

“म्हणजे माझ्याच पेशी,” ती म्हणाली. “कंप्लेंट कुणाकडे करायची?”

मग औषध सुरू झालं. महिन्याला एक सलाईन. पेशींना भिंतीला चिकटूच द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. आणि वृषाली चालायला लागली. काठी सुटली. एका रविवारी पर्वती चढली, माझ्या आधी.

पुढे रक्ततपासणीत कळलं, तिच्या अंगात एक विषाणू आहे. तो पुष्कळांच्या अंगात निपचित असतो. मेंदूत त्याने डोकं वर काढू नये म्हणून याच पेशी तिथे फेरी मारतात. औषधाने आम्ही त्यांनाच अडवलं होतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, औषध बदलू.

तिने मला विचारलं, “बदललं आणि पाय पुन्हा गेले तर? प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबू का?”

मला धोका माहीत होता. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होता. मी म्हणाले, “थांब सहा महिने.”

का म्हणाले? रोज स्वतःला विचारते. रोज वेगळं उत्तर येतं.

चौथ्या महिन्यात तिला शब्द सापडेनासे झाले. चमचा हवा असला की “ते दे, ते” म्हणायची. मला वाटलं, कामाचा थकवा. आठवडाभर मला तसंच वाटत राहिलं. मग औषध बंद केलं. उशीर झाला होता; तो विषाणू मेंदूत पसरला होता, आणि ती गेली.

परवा काकांनी, वृषालीच्या बाबांनी, मला बाजूला नेलं. “बाई, तुले मालूम होतं?”

“हो,” म्हणाले.

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मग म्हणाले, “तिले बी मालूम होतं. मले फोनवर सांगतलं तिनं. म्या म्हटलं, चालून रायली ना, तं चाल.”

काका, हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी तुमची क्षमा मागायला आले होते, आणि तुम्हीच हात जोडलेत.

उद्या कामावर जायचं आहे. त्याच पेशी भिंगाखाली बघायच्या आहेत. मी जाईन. दुसरं काय करावं, ते कळत नाही.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी माझी समजूत काढू नका, काकांचीही नको. फक्त वृषालीला आठवू या.